छताचा दिवा बदलतांना

समईंत तेल घालणें व वात सारणें हें नित्याचें काम ज्या काळीं घरोघर चालत असे, त्या काळीं दिव्याचा धोका डोळ्यांना दिसत असे. ज्योत दिसे, तिची धग लागे, आणि रांगणारें मूलहि एकदां चटका बसला म्हणजे पुन्हां तिच्या वाटेस जात नसे. विजेच्या दिव्याची गोष्ट याच्या अगदीं उलट आहे. तारेंत वीज असली तरी तार हालत नाहीं, तिचा आवाज होत नाहीं, तिला वास येत नाहीं. जिच्यांत वीज आहे ती तार आणि जिच्यांत नाहीं ती तार, या दोघी दिसावयास जुळ्या बहिणींसारख्या. म्हणून तेलाच्या दिव्यापाशीं जें काम डोळे करीत, तें काम विजेच्या दिव्यापाशीं विचारानें करावें लागतें. घराच्या छताला लावलेला जुना दिवा उतरवून त्याच्या जागीं नवा बसवावयाचा असतां हा विचार कोणत्या क्रमानें करावा, हें आजच्या भाषणांत सांगावयाचें आहे.

मुंबई शहरांत विजेचा पुरवठा १९०५ सालीं सुरू झाला, आणि खोपोलीच्या जलविद्युत् केंद्राची वीज १९१५ सालीं त्या शहरास मिळूं लागली. तेव्हांपासून पुढें कित्येक दशकें घरांतील दिव्याची मांडणी बहुधा एकाच तऱ्हेची राहिली. छताला एक वाटोळा लांकडी ठोकळा, त्यावर चिनी मातीचा अथवा बेकेलाइटचा 'सीलिंग रोज', त्यांतून लोंबणारी दुपदरी तार आणि तारेच्या टोंकाला होल्डर. दिवा गेला म्हणजे गृहस्थ स्टुलावर चढे, जुना गोळा फिरवून काढी, नवा बसवी व खालीं उतरे. तारेला हात लावण्याचा प्रसंग त्याला येत नसे. पुढें एल. ई. डी. दिव्यांचा काळ आला. ५ जानेवारी २०१५ रोजीं सुरू झालेल्या 'उजाला' योजनेमुळें ते खेड्यापाड्यांतहि पोंचले. पूर्वीं ६० वॅटचा गोळा जेवढा उजेड देई, जवळजवळ तेवढा उजेड ९ वॅटचा हा दिवा देतो. हा लाभ लहान नव्हे. पण छताला चिकटून बसणाऱ्या ज्या चपट्या तबकड्या आतां घरोघर दिसतात, त्यांत दिवा व त्याची बैठक हीं एकजीव असतात. दिवा गेला कीं सगळी तबकडीच उतरवावी लागते, आणि ती उतरवावयाची म्हणजे तारा सोडाव्या लागतात. पूर्वीं जें काम तारेला न शिवतां होत असे, तें आतां तारेला हात लावल्यावांचून होत नाहीं. या विषयाकडे लक्ष देण्याचें कारण हेंच आहे.

हें काम घरच्या माणसानें करावें कीं नाहीं, हा पहिला प्रश्न. १९५६ सालच्या भारतीय विद्युत् नियमांतील ४५ व्या नियमानें विजेच्या मांडणीचें काम परवानाधारक कंत्राटदाराखेरीज इतरांनीं करूं नये असें ठरविलें होतें. मात्र दिवे, पंखे, फ्यूज, बटणें व तत्सम जोडसामान यांची अदलाबदल, तिच्यामुळें मांडणीच्या क्षमतेंत अथवा स्वरूपांत कांहीं फरक पडत नसेल तर, त्यांतून वगळली होती. २०१० सालीं झालेल्या विनियमांतहि हाच भेद ठेवण्यांत आला. हा भेद केवळ कायद्याचा नव्हे, शहाणपणाचाहि आहे. एक दिवा काढून त्याच जागीं, त्याच तारांवर, तशाच वजनाचा दुसरा लावणें एवढें काम सावध व धडधाकट माणसाला करतां येतें. नवी तार ओढणें, दिव्याची जागा हलविणें, दिव्याच्या जागीं पंखा अथवा जड झुंबर टांगणें, हीं कामें वायरमनचीं होत. शिवाय ज्याचा हात कांपतो, ज्याला उंचावर घेरी येते, किंवा ज्याला वर मान करून बारीक स्क्रू नीट दिसत नाहीं, त्यानें सोप्या कामासहि हात घालूं नये. वायरमनला बोलावण्यांत कमीपणा कांहींच नाहीं.

धोका किती, हें आंकड्यांनीं समजून घेतलेलें बरें. भारतांत घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. माणसाच्या शरीरांतून १ मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग, एवढा प्रवाह गेला तर नुसत्या मुंग्या आल्यासारखें वाटतें. सुमारें १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायु आखडूं लागतात आणि पकडलेली तार सोडूं म्हटलें तरी सुटत नाहीं. ३० मिलिअँपिअरच्या पुढें, प्रवाह कांहीं वेळ टिकला तर, श्वास व हृदय बंद पडण्याची भीति असते. आतां ९ वॅटच्या दिव्याचा हिशेब करून पाहावा. ९ ला २३० नें भागलें असतां उत्तर सुमारें ४० मिलिअँपिअर येतें. म्हणजे घरांतील एक लहानसा दिवा जेवढ्या प्रवाहावर उजळतो, तेवढा प्रवाह माणसाचा प्राण घेण्यास पुरतो. शिवाय शरीरांतून किती प्रवाह जाईल, हें दिव्याच्या लहानमोठेपणावर मुळींच अवलंबून नसतें. तें त्वचा ओली कीं कोरडी, पाय कशावर टेकलेले, दुसरा हात कोठें लागलेला, यांवर ठरतें. 'एका दिव्याची ती वीज कितीशी असणार!' असें म्हणणाऱ्यानें हा हिशेब अवश्य लक्षांत ठेवावा.

येथेंच आणखी एक समजूत दुरुस्त केली पाहिजे. दिव्यांच्या तारांवर जी ६ अँपिअरची एम. सी. बी. असते, ती आपलें रक्षण करील असें पुष्कळांस वाटतें. ६ अँपिअर म्हणजे ६,००० मिलिअँपिअर; वर सांगितलेल्या ३० च्या २०० पट. एम. सी. बी. चें काम तारा तापून आग लागूं न देणें हें आहे, माणसाला राखणें हें नव्हे. तें काम आर. सी. सी. बी. नांवाच्या कळीचें. गेलेली वीज व परत आलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला कीं ती पुरवठा तोडते. ही कळ प्रत्येक घरांत असावी, आणि तिच्यावरील परीक्षेचें बटण अधूनमधून दाबून ती जागी आहे कीं नाहीं हें पाहावें. तथापि एक हात फेजच्या तारेला व दुसरा न्यूट्रलला लागला, तर माणूस हाहि एक दिवाच आहे असें ती समजते व स्वस्थ राहते. म्हणून तिच्या भरंवशावर चालू विजेंत हात घालणें म्हणजे वेडेपणाच.

आतां प्रत्यक्ष कामाचा क्रम. काम दिवसाउजेडीं काढावें, कारण वीज बंद केल्यावर खिडकीचाच उजेड उपयोगी पडावयाचा. खोली अंधारी असेल तर हाताशीं विजेरी असावी, मेणबत्ती नको.

दिवा बंद करणें व वीज बंद करणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. भिंतीवरचें बटण फेजच्या, म्हणजे ज्या तारेंतून वीज येते त्या तारेच्या, वाटेवर असावें असा नियम आहे. परंतु निष्काळजी कारागिराच्या हातून तें कधीं कधीं न्यूट्रलच्या, म्हणजे परतीच्या तारेवर बसविलें जातें. अशा घरांत बटण बंद केलें कीं दिवा विझतो खरा, पण होल्डरपर्यंत वीज तशीच उभी असते. विझलेल्या दिव्याकडे पाहून ज्यानें तारेला हात घातला, त्याची फसगत होते ती येथें. म्हणून बटणावर मुळींच विसंबूं नये. मीटरजवळील मेन स्विच बंद करावा. जुन्या घरांत चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असतात. तेथें मेन स्विच बंद केल्यावर त्या दिव्याच्या फ्यूजची पकडहि उपसून काढावी व काम करणारानें आपल्या खिशांत ठेवावी. यांत एक मोठा गुण आहे. घरांतील दुसरें कोणी 'वीज कां गेली?' म्हणून येऊन कळ वर करील, तरी दिव्याकडे वीज जाणार नाहीं. एम. सी. बी. असेल तेथें 'दिव्याचें काम चालू आहे, हात लावूं नये' अशी चिठ्ठी चिकटवावी आणि घरांतील सर्वांना तोंडीहि सांगावें. मीटरपासून मेन स्विचपर्यंतच्या तारांत मात्र वीज कायम असते. त्यांच्या वाटेस जाऊं नये.

यापुढची गोष्ट अलीकडची, आणि म्हणूनच जास्त घातक आहे. पुष्कळ घरांत आतां इन्व्हर्टर व बॅटरी असते. वीज गेली कीं इन्व्हर्टर आपोआप दिवे व पंखे चालवूं लागतो. मेन स्विच बंद केला म्हणजे इन्व्हर्टरला काय वाटणार? वीज गेली, एवढेंच त्याला कळतें; आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच तो बॅटरींतील वीज त्याच तारांत सोडतो. छताचा दिवा बहुधा इन्व्हर्टरच्याच वाटेवर असतो. म्हणजे ज्यानें काळजीपूर्वक मेन स्विच बंद केला, त्याच्याच हातीं २३० व्होल्टची तार येते. उलट पक्षीं, इन्व्हर्टर बंद करून मेन स्विच चालू ठेवला, तर बाहेरची वीज इन्व्हर्टरमधून सरळ पुढें जाऊं शकते. यास्तव दोन्ही बंद केलीं पाहिजेत. एक बंद करून दुसरें विसरणें म्हणजे पुढच्या दाराला कुलूप लावून मागचें दार सताड उघडें टाकणें होय.

एवढें झाल्यावर परीक्षा. टेस्टर नांवाचा जो स्क्रूपिळ्या घरोघर असतो, त्याच्या पोटांत एक बारीक निऑन दिवा व मोठा रोध असतो. त्याचें टोंक वीज असलेल्या तारेला लावून मागच्या धातूच्या टोपीला बोट टेकलें, कीं अत्यंत सूक्ष्म प्रवाह शरीरांतून जमिनींत जातो व दिवा लुकलुकतो. टेस्टर लुकलुकला तर वीज आहे हें निश्चित. पण तो लुकलुकला नाहीं, तर वीज नाहीं हें निश्चित होत नाहीं. त्याचा दिवा निकामी झालेला असेल. किंवा काम करणारा कोरड्या लांकडी शिडीवर उभा असल्यामुळें उजेड अगदीं मंद पडला असेल. म्हणून मेन स्विच बंद करण्यापूर्वीं चालू असलेल्या एखाद्या सॉकेटमध्यें टेस्टर पारखून घ्यावा. मग वर जाऊन दिव्याच्या प्रत्येक तारेला तो लावावा. फेजला लावावा, न्यूट्रलला लावावा, अर्थिंगच्या तारेलाहि लावावा. दुसरा पारखलेला टेस्टर अथवा मल्टिमीटर घेऊन तीच परीक्षा पुन्हां करावी. ही दुहेरी तपासणी कंटाळवाणी वाटेल. पण ताक फुंकून पिण्याची संवय विजेच्या कामांत दोष ठरत नाहीं.

विजेच्या खालोखाल धोका पडण्याचा. लहानसा धक्का बसून हात झटकला जातो, तोल जातो, आणि जें विजेनें केलें नसतें तें फरशी करते. टेबलावर स्टूल, स्टुलावर डबा, असला मनोरा कदापि रचूं नये. लांकडाची अथवा बांबूची मजबूत शिडी घ्यावी. ॲल्युमिनिअमची शिडी हलकी असली तरी ती वीजवाहक आहे. ती या कामास नको. शिडी धरावयास खालीं दुसरें माणूस असावें, आणि मेन स्विच कोठें आहे हें त्याला ठाऊक असावें. हात व पाय कोरडे असावे, बोटांतील अंगठी व हातांतील घड्याळ काढून ठेवावें.

जुना दिवा सोडतांना घाई करूं नये. झांकण काढल्यावर कोणती तार कोणत्या स्क्रूखालीं आहे, हें कागदावर टिपावें किंवा मोबाइलनें छायाचित्र काढून ठेवावें. तांबडी तार फेजची, काळी न्यूट्रलची व हिरवी अर्थिंगची, हा आपल्याकडील घरांत नेहमीं आढळणारा संकेत आहे. नव्या दिव्याबरोबर आलेल्या तारा बहुधा तपकिरी, निळी व हिरवी-पिवळी अशा असतात. त्यांत तपकिरी ती फेज व निळी ती न्यूट्रल. परंतु तीन फेजच्या जुन्या मांडणींत तांबड्या व पिवळ्याबरोबर निळा रंग हाहि फेजचाच असे. शिवाय हाताशीं असेल त्या रंगाची तार ओढणारे कारागीरहि कांहीं थोडे नाहींत. रंग म्हणजे केवळ सूचना होय, पुरावा टेस्टरचा.

एका स्क्रूखालीं दोन काळ्या तारा एकत्र पिळलेल्या आढळल्या, तर त्यांपैकीं एक पुढच्या खोलीच्या दिव्याकडे जात असते. नवा दिवा लावतांना त्या दोन्ही पुन्हां एकत्रच राहिल्या पाहिजेत. एक सुटी राहिली तर पुढच्या खोलींतला दिवा लागणार नाहीं. इतकेंच नव्हे, तर त्या दिव्याचें बटण चालू असल्यास त्या सुट्या काळ्या तारेच्या टोंकालाहि वीज येऊन उभी राहील. न्यूट्रल निरुपद्रवी असते ही समजूत म्हणूनच खोटी आहे.

तारांची प्रकृतिहि पाहावी. जुन्या वाड्यांतून व चाळींतून रबराच्या वेष्टणाच्या तारा अजून कोठें कोठें आढळतात. वांकविल्याबरोबर वेष्टणाचे तुकडे पडूं लागले, अथवा टोंकें काळवंडून करपलेलीं दिसलीं, तर काम तेथेंच थांबवावें व वायरमनला बोलवावें. ॲल्युमिनिअमच्या तारा वारंवार वांकविल्यानें तुटतात, आणि तांब्याच्या तारेशीं त्या नुसत्या पिळून जोडल्या तर तो सांधा कालांतरानें सैल होऊन तापतो. असा दोष दिसून काम सोडून देणें हा पराभव नव्हे. दिवा बदलण्याच्या निमित्तानें घरांतली एक छुपी आगच सांपडली असें समजावें.

नवा दिवा जोडतांना फेजला फेज, न्यूट्रलला न्यूट्रल व अर्थिंगला अर्थिंग जोडावी. होल्डर आट्यांचा असेल तर फेजची तार तळच्या मधल्या टिकलीला व न्यूट्रल आट्यांच्या कड्याला जोडली पाहिजे; उलट जोडल्यास दिवा फिरवितांना बोट लागेल असें कडेंच वीजयुक्त होतें. तारा नुसत्या पिळून त्यांवर पट्टी गुंडाळणें हा सांधा नव्हे. स्क्रूचा कनेक्टर वापरावा, तारेचें वेष्टण लागेल तेवढेंच सोलावें, आणि स्क्रू आंवळल्यावर प्रत्येक तार हलकेच ओढून पाहावी. दिवा धातूचा असेल तर त्याला अर्थिंग हवीच. छतांत अर्थिंगची तार नसेल तर एकांत एक दोन चौकोनांची खूण असलेला, म्हणजे दुहेरी वेष्टणाचा, दिवा निवडावा. अर्थिंगचा स्क्रू न्यूट्रलला जोडून वेळ मारून नेण्याचा प्रकार कोठें कोठें चालतो. न्यूट्रल तुटली कीं सगळा धातूचा दिवा वीजयुक्त होतो, म्हणून तो सर्वस्वीं वर्ज्य समजावा.

दिव्याचा भार तारेनें कधींहि सोसावयाचा नसतो. तो छतानें सोसावयाचा. स्लॅब असेल तर भोंक पाडून त्यांत प्लग बसवून स्क्रू आंवळावा, मात्र तारांची नळी कोणत्या बाजूनें गेली आहे हें आधीं पाहावें. कौलारू घरांत लांकडी तुळईचा अथवा वाशाचा आधार घ्यावा. प्लास्टरचें खोटें छत हें केवळ शोभेचें असतें. त्याला हलकी तबकडी पेलेल, झुंबर पेलणार नाहीं.

सर्व झाल्यावर शिडीवरून उतरावें आणि मगच वीज चालू करावी. बटण बंद असतांहि नवा एल. ई. डी. दिवा मिणमिणत राहिला तर त्याकडे दुर्लक्ष करूं नये. बटणांतील खुणेच्या बारीक दिव्यामुळें अथवा शेजारून लांबवर गेलेल्या तारांमुळें असें होऊं शकतें. पण बटण न्यूट्रलवर बसविल्याचीहि ती खूण असूं शकते, आणि तें वायरमनकडून तपासून घ्यावें.

इतकें करूनहि कोणास धक्का बसलाच, तर त्याला धरून ओढूं नये, ओढणाराहि चिकटतो. प्रथम मेन स्विच व इन्व्हर्टर बंद करावा. तें तत्काळ शक्य नसेल तर स्वतः कोरड्या लांकडावर उभें राहून कोरड्या काठीनें त्याला तारेपासून दूर ढकलावें. तो शुद्धीवर नसेल व श्वास चालत नसेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत छातीच्या मध्यभागीं दोन्ही तळहातांनीं मिनिटास १०० ते १२० वेळां जोरानें दाबत राहावें. माणूस उठून बसला तरीहि त्याला डॉक्टरांना दाखवावें.

यासाठीं घरांतील प्रत्येकाला, मग ती वृद्ध आजी असो वा शाळेंत जाणारा मुलगा असो, मेन स्विच कोठें आहे व तो कसा बंद करावा हें दाखवून ठेवलें पाहिजे. त्याला पांच मिनिटें पुरतात.

आणि शेवटीं वायरमनविषयीं. पुष्कळ घरांत त्याला बोलावतात व सांगतात, 'दोन मिनिटांचें तर काम. वीज कशाला बंद करतां? टी. व्ही. चालू आहे.' तो गरजू असतो. भीडेपोटीं तो चालू विजेंत हात घालतो. स्वतःच्या मुलाला जें करूं दिलें नसतें, तें दुसऱ्याच्या मुलाला करावयास लावण्याचा अधिकार कोणत्याहि यजमानास नाहीं. त्यानें न सांगतां यजमानानें उठून मेन स्विच बंद करावा व काम होईपर्यंत शिडी धरून उभें राहावें. त्याच्याहि घरीं दिवेलागणीला त्याची वाट पाहणारीं माणसें असतात.